फणी, मच्छरदाणी आणि एक फळी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोघा मित्रांना वीस मिनिटांचा भुताचा लघुपट करायचा आहे. मुलगा प्रेयसीला फसवून दुसरीकडे लग्न ठरवतो, ती मरते आणि मग त्याच्या नव्या घरात येऊ लागते. हाताशी पुण्यातला दोन खोल्यांचा फ्लॅट, दोन रात्रींचं शूटिंग आणि बेताचे पैसे. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे प्रोस्थेटिक मेकअप आणि व्हीएफएक्सवर घालायचं तुम्ही ठरवलं आहे, आणि जपानी लोकांना हे स्वस्तात कसं जमतं असं विचारलं आहे.

मी कॅमेऱ्यामागे काम करतो, तेव्हा उत्तर त्याच बाजूने देतो. आधी थेट सांगतो: मेकअपवरचे पैसे काढून घ्या. ती जिवंत असतानाचा भाग निदान दहा मिनिटांचा करा. घरातल्या दोन-तीन वस्तू निवडा, ज्या तिच्या रोजच्या हातातल्या आहेत, आणि भूत त्या वस्तूंतूनच आणा. तुम्ही जे जपानी भयपट पाहून हा विषय घेतला आहे, त्यांच्या बऱ्याच आधी एका सिनेमाने हे करून ठेवलं आहे. तो नीट उलगडून सांगतो, कारण तुमच्या बहुतेक अडचणींची उत्तरं त्यात सापडतील.

सिनेमा आहे नोबुओ नाकागावा यांचा 'तोकाइदो योत्सुया काइदान', १९५९ सालचा. रंगीत, रुंद पडद्याचा, लांबी जेमतेम ७६ मिनिटं. तो काढणारी शिंतोहो ही कंपनी जपानच्या मोठ्या स्टुडिओंमध्ये सगळ्यात तंगीतली. तोहो स्टुडिओतल्या कामगार संपांच्या धामधुमीत १९४७ मध्ये ती फुटून निघाली आणि १९६१ मध्ये तिचं दिवाळं वाजलं. त्या काळातले तिचे प्रमुख मित्सुगु ओकुरा. मूकपटांच्या जमान्यात पडद्याशेजारी उभं राहून कथा सांगणारे निवेदक म्हणून त्यांनी सुरुवात केली, पुढे थिएटरं चालवली. तिकीट कशावर फाटतं याची त्यांना पक्की जाण होती, आणि उन्हाळ्यात जपानमध्ये ते भुतावर फाटतं. ऑगस्टच्या आसपास ओबोन हा पितरांचा सण येतो, काबुकी या तिथल्या पारंपरिक नाट्यप्रकाराच्या रंगभूमीवरही उकाड्याच्या दिवसांत भुताची नाटकं लावायची जुनी रीत. शिंतोहो दर उन्हाळ्याला स्वस्तातले भूतपट काढायची. नाकागावांना हाती आलं ते असं काम: ठरलेला विषय, ठरलेला मोसम, थोडे दिवस, थोडा पैसा.

गोष्ट त्याहून कितीतरी जुनी. त्सुरुया नानबोकु (चौथा) या नाटककाराने ती १८२५ मध्ये एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, नाकामुरा-झा नाट्यगृहासाठी लिहिली. इएमोन हा बेकार सामुराई. त्याची बायको ओइवा, नुकतीच बाळंत झालेली. शेजारच्या श्रीमंत घरातली ओउमे त्याच्यावर भाळते आणि त्याला बढतीची वाट दिसू लागते. सिनेमात तो स्वतःच ओइवाला औषध म्हणून विष देतो. तिचा चेहरा सुजतो, केस झडतात, ती मरते. तुमच्या गोष्टीत प्रेयसी आहे, इथे बायको आहे, एवढाच फरक. प्रेयसीचीच गोष्ट हवी असेल तर नाकागावांनी १९५७ मध्ये केलेला 'कासानेगाफुची'वरचा सिनेमा पाहा, किंवा हिदेओ नाकाता यांनी त्याच कथेवर २००७ मध्ये केलेला 'काइदान'. ती कथा सान्युतेइ एन्चो या एकोणिसाव्या शतकातल्या नामांकित कथाकाराची. त्यात वयाने मोठी असलेली शामिसेन या तंतुवाद्याची शिक्षिका तरुण प्रियकरात गुंतते, आणि मेल्यावरही त्याच्या आयुष्यातल्या पुढच्या बायकांना सोडत नाही. एक गोष्ट जाता जाता: १८२५ मध्ये ओइवाची भूमिका केली होती तिसऱ्या ओनोए किकुगोरो यांनी, आणि २००७ च्या सिनेमातला तो प्रियकर झालेला नट त्याच ओनोए घराण्यातला. भुताची गोष्ट तिथे घराण्याची विद्या म्हणून जपली जाते.

आता मुद्द्याचं. काबुकीच्या मंचावर ना क्लोज-अप, ना कट. तरीही प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत भूत उभं करायचं, म्हणजे सुतार, रंगारी आणि नट यांनी मिळून युक्ती काढायची. ओइवा केस विंचरते तो प्रसंग घ्या. फणी फिरते तसे केस गळतात, पुढ्यात त्यांचा ढीग साचतो, आणि तो ढीग एका डोक्यावरच्या केसांपेक्षा कितीतरी मोठा होतो. मंचाच्या फळीला भोक असतं, खालून माणूस केस वर सारत असतो. दुसरी युक्ती दाराच्या फळीची. एका बाजूला ओइवाचं प्रेत, फळी उलटली की दुसऱ्या बाजूला नाटकात इएमोनने मारलेल्या नोकराचं, आणि दोन्ही भूमिका एकच नट करतो. फळीला डोक्यापुरतं भोक, कपडे आधीच ठोकून ठेवलेले. नटाने फक्त तोंड काढायचं. तिसरी, जळत्या कंदिलातून भूत बाहेर येण्याची. पाहिलंत का, या तिन्ही युक्त्यांतल्या वस्तू घरातल्या आहेत. फणी, दार, कंदील.

नाकागावांनी हा वारसा लपवलेला नाही. त्यांचा सिनेमा उघडतोच मुळी रंगमंचासारखा: मेणबत्त्या, काळ्या कपड्यातला मंचसेवक, गायकाचा आवाज. पण पुढे त्यांनी त्या वस्तूंना सिनेमाचं काम दिलं, आणि इथे मी तुम्हाला दोन ठिकाणी थांबवणार आहे.

पहिलं ठिकाण मच्छरदाणी. मूळ नाटकात इएमोन घरातली मच्छरदाणी गहाण टाकायला ओढून नेतो. ऐन उन्हाळा, डास, घरात तान्हं मूल. ओइवा ती सोडत नाही, तो हिसडा मारतो आणि तिची नखं उचकटतात. तिचा मृत्यू आणि सूड नंतरचा. पण प्रेक्षक इएमोनला माफ करणार नाही हे त्या हिसड्यातच ठरून जातं. आता सिनेमात पुढे काय होतं बघा. नव्या लग्नाच्या रात्री इएमोनला नव्या नवरीच्या जागी ओइवाचा चेहरा दिसतो, तो तलवार चालवतो आणि प्रत्यक्षात ओउमे मरते. पाठोपाठ सासराही तसाच. त्याच्याभोवती पुन्हा मच्छरदाणीच असते. झिरझिरीत कापड, आतून बाहेरचं धूसर, बाहेरून आतलं धूसर. कॅमेरामनला यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा चांगला फिल्टर कोणी देऊ शकत नाही. समोरून लाइट दिला की कापड भिंतीसारखं उभं राहतं, आतून दिला की नाहीसं होतं. एका डिमरवर तुम्ही बाईला आणू शकता आणि घालवू शकता. यात व्हीएफएक्सचा एक रुपया नाही.

दुसरं ठिकाण फळी. एदोच्या काळात बायको परपुरुषासोबत सापडली तर दोघांनाही मारायची नवऱ्याला मुभा होती. इएमोन त्याचाच आधार घेतो. मालिश करणाऱ्या ताकुएत्सुला तिच्या अंगावर घालतो, त्यालाही ठार करतो, आणि साथीदार नाओसुकेच्या मदतीने दोघांची प्रेतं एका दाराला खिळे ठोकून पाण्यात सोडतो. म्हणजे फळीवर खिळलेलं हे प्रेत आधी एक पुरावा आहे, रचलेला. पुढे इएमोन आडवा पडून वर बघतो, तर ती फळी छताला, आणि फळीवर ओइवा, त्याच्याकडे बघत. नंतर तो नाओसुकेवर वार करतो तेव्हा घरातली जमीनच दलदलीच्या पाण्यात बदलते. प्रेत ज्या पाण्यात टाकलं ते पाणी घरात आलं. भूत नवीन काहीच आणत नाही. इएमोनने आपल्या हाताने जे जे केलं, तेच एकेक करून त्याच्या खोलीत परत येतं. म्हणून भीती वाटते. तुमच्या संहितेतली भूतबाई भिंतीवर पालीसारखी चढते आणि तिच्या तोंडातून काळं पाणी येतं. तुमच्या मुलाने तिला भिंतीशी किंवा पाण्याशी काही केलेलं आहे का? नसेल तर ते दृश्य कितीही चांगलं जमलं तरी परकं वाटणार.

छताचा शॉट तुम्हालाही जमेल, म्हणून तो कसा घ्यायचा ते सांगतो. ही माझी पद्धत. १९५९ मध्ये त्यांनी काय केलं त्याच्याशी तिचा संबंध जोडू नका. आठ बाय चारचं प्लायवुड तुमच्या छताच्या रंगात रंगवा आणि जमिनीवर ठेवा. मुलीला त्यावर उताणी झोपवा. केस ओले करून फळीवर पसरा, म्हणजे गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने काम करेल आणि केस छताला चिकटल्यासारखे दिसतील. कॅमेरा शिडीवरून सरळ खाली. पडद्यावर हा शॉट मुलाच्या वर बघण्याला जोडला की ती छताला आहे. खरी मेहनत लाइटची: मुलाच्या उशाशी टेबललॅम्प असेल तर छतावर उजेड खालून जाईल, म्हणजे फळीच्या शॉटमध्ये तो कॅमेऱ्याच्या बाजूने यायला हवा, तेवढाच पिवळा, तेवढाच कमी. लाइटसमोर पुठ्ठ्याची तीन पाती सावकाश फिरवली तर पंख्याची सावली तिच्या चेहऱ्यावरून जात राहील, आणि तो छताचाच भाग आहे यावर कोणी शंका घेणार नाही. त्या सावलीच्या मध्ये एकदाच तिचे डोळे उघडे दिसू द्या. पुन्हा दाखवू नका. आणि सेटवर कोणी कितीही आग्रह केला तरी शिडी धरायला एक माणूस कायम ठेवा. कॅमेरा खाली माणसावर रोखलेला असतो.

लांब शॉटबद्दलही सांगायला हवं. सिनेमाच्या सुरुवातीलाच इएमोन ओइवाच्या वडिलांना रात्री रस्त्यात गाठतो, गयावया करतो, अपमान होतो आणि तलवार काढतो. हे कॅमेरा बराच वेळ न तोडता, अंतर राखून, त्यांच्याबरोबर सरकत दाखवतो. छायाचित्रण तादाशी निशिमोतो यांचं. पुढे ते हाँगकाँगला गेले आणि ब्रूस लीने दिग्दर्शित केलेला सिनेमाही त्यांनी चित्रित केला. स्वस्त सिनेमात न तोडलेला शॉट हा वेळेचाही हिशोब असतो: एक सेटअप, एक लाइटिंग, तीन मिनिटांचं दृश्य. पण त्याची तालीम आधी हवी. तुमच्या दोन रात्रींत असे दोन शॉट ठेवा, आणि तालमी शूटिंगच्या आधीच्या आठवड्यात त्याच फ्लॅटमध्ये, मोबाइलवर करून बघा. रुंद फ्रेम घ्या आणि अर्धी फ्रेम रिकामी, अंधारी सोडा. प्रेक्षक त्या अर्ध्या भागाकडे बघत बसतो. तिथे काही आलं नाही तरी चालतं.

आता मेकअप. ओइवाच्या एका डोळ्यावरची सूज आणि कपाळावरून मागे गेलेले केस, एवढंच तिचं रूप. कात्सुको वाकासुगी या अभिनेत्रीने ते केलं आहे. ते रूप अंगावर येतं, कारण त्याआधी आपण तिचा सरळ, सोशिक चेहरा पुरेसा पाहिलेला असतो. शिवाय ती सूज तिला स्वतःला आरशात दिसते तो क्षण आपण तिच्याबरोबर जगतो. म्हणजे पहिली घाबरते ती स्वतः. प्रोस्थेटिकचे पैसे वाचवून त्यातले थोडे चांगल्या अभिनेत्रीला द्या, आणि आरशासमोरचं दृश्य लिहा. विष नसेल तुमच्या गोष्टीत, पण फोनच्या बंद स्क्रीनमध्ये तिला स्वतःचा चेहरा दिसेल, ज्या क्षणी त्याचं लग्न ठरल्याचं कळलं तो चेहरा. हाच पुढे परत आणा, तसाच, मेकअपशिवाय.

पायांचं तुम्ही विचारलं होतं. जपानी भुताला पाय नसतात ही कल्पना चित्रांतून रूढ झाली. अठराव्या शतकातल्या मारुयामा ओक्यो या चित्रकाराचं नाव त्यासाठी घेतलं जातं. टोकियोतल्या यानाका भागातल्या झेनशोआन मंदिरात एन्चोंनी जमवलेली भुतांची चित्रं आहेत, ती दर ऑगस्टमध्ये लोकांना पाहायला ठेवतात. आपल्याकडे हडळीचे पाय उलटे. तुमची गोष्ट पुण्यातली, मुलगी मराठी, मग तिला पांढरा किमोनो वाटेल असा झगा आणि तोंडावर केस कशासाठी? तिला तिच्याच कपड्यात येऊ द्या, जो कुर्ता घालून ती त्याला शेवटची भेटली त्यात. पाय फ्रेममध्ये घेऊच नका, म्हणजे प्रश्नच मिटला.

इएमोनबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होणार नाही, कारण तुमच्या संहितेतली सगळ्यात कच्ची जागा तुमचा मुलगा आहे. शिगेरु आमाची यांनी रंगवलेला इएमोन राक्षस नाही. तो कमकुवत आहे. नाओसुके त्याला ढकलतो, गरिबी ढकलते, आणि प्रत्येक पायरीवर तो थांबू शकला असता. औषध देताना तो कचरतो आणि तरीही देतो. त्याच १९५९ साली दाइएइ या बड्या स्टुडिओनेही ही कथा केली, दिग्दर्शक केन्जी मिसुमी, नायक काझुओ हासेगावा. एवढ्या लाडक्या नटाला बायकोचा खुनी कसा दाखवायचा, म्हणून तिथला इएमोन बराचसा निर्दोष करून टाकला. सिनेमा देखणा आहे, पण मला त्यातलं भूत पोरकं वाटतं, ज्याच्याकडे यायचं त्याचं देणंच कमी करून ठेवल्यामुळे. तुम्हीही तेच केलं आहे. आईवडिलांचा दबाव, नोकरी, गैरसमज, आणि शेवटी तिचा मृत्यू अपघात. मुलगा सुटला. त्याला सुटू देऊ नका. एक कृती त्याच्या हाताने होऊ द्या, लहान पण न पुसता येणारी. ती मदत मागायला फोन करते आणि तो फोन पालथा ठेवतो, एवढीही पुरेल. मग पुढे पालथा पडलेला फोन हेच तुमचं भूत होतं.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. काबुकीत भूत यायच्या वेळी बासरीची लांब लकेर आणि मोठ्या ढोलावरचे हलके, भरभर ठोके असतात. तिथल्या प्रेक्षकाला तेवढ्यानेच कळतं. तुमच्या फ्लॅटला स्वतःचा आवाज आहे: फ्रिजची घरघर, पंखा, खालची रिक्षा, कोणाचा तरी टीव्ही. शूटिंगच्या वेळी माणसं बाहेर काढून तो रूम टोन भरपूर रेकॉर्ड करा. पहिली दहा मिनिटं तो कायम ठेवा, आणि ती येते तेव्हा थर काढत जा: आधी रस्ता, मग पंखा, शेवटी फ्रिज. दचकवणारा एकही मोठा आवाज घालू नका. कानाची सवय काढून घेतली की माणूस आपोआप पुढे सरकून बसतो.

पुढच्या पिढीनेही हेच केलं. नव्वदच्या दशकात थेट व्हिडिओसाठी काढलेल्या स्वस्त भूतपटांतून आजचा जपानी भयपट वर आला. 'जु-ऑन'ची सुरुवातही २००० मध्ये व्हिडिओवरच झाली. १९९८ च्या 'रिंगु'मधल्या सादाको या भुताची ती मोडकी चाल आठवते ना? अभिनेत्री उलटी चालली आणि फिल्म उलटी फिरवली. संगणक नाही, शरीर आणि एक जुनी युक्ती.

राहिला शेवट. तुमच्याकडे ती त्याचा गळा दाबते. नाकागावांच्या सिनेमात ओइवा इएमोनला हात लावत नाही. ती त्याला अशा जागी आणून सोडते जिथे तो आपल्याच माणसांवर वार करतो, आणि शेवटी हिशोब करतात ते जिवंत लोक: तिची बहीण ओसोदे आणि ओसोदेचा नियोजित वर योमोशिची. इएमोन क्षमा मागत मरतो. त्यानंतर ओइवा दिसते बाळाला घेतलेली, चेहरा पूर्वीसारखा. मी हा सिनेमा शिकवताना इथे मुलं गप्प होतात, कारण ७६ मिनिटांत पहिल्यांदाच तिला कोणाकडून काही नको असतं. तुमच्या गोष्टीतही मुलीला एक बहीण द्या, किंवा मैत्रीण. तो पालथा फोन तिच्या हाती लागू द्या. गळा दाबण्याचं दृश्य काढलंत की एक अख्खी रात्र मोकळी होते.

ती मोकळी रात्र जिवंतपणीच्या दृश्यांना द्या, आणि तीच पहिली शूट करा. वस्तू त्याच ठेवा, प्रॉपर्टीच्या दुकानातून दुसऱ्या रात्रीसाठी नवा नग आणू नका. पहिल्या रात्री वापरून फणीत अडकलेले केस, कपाला लागलेला डाग, मच्छरदाणीला पडलेली चुणी पुसायची नाही, धुवायची नाही. आर्टवाल्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा, कारण त्याची सवय सकाळी सगळं आवरून ठेवायची असते.